मागच्या बाजूचं बटण

रविवार, १९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. बाबांचं खुब्याचं हाड हळूहळू जुळतंय, असं डॉक्टर म्हणतात. जिभेला मुळात काही झालंच नव्हतं, त्यामुळे ती झकास चालते. काल शेजारच्या काकू विचारपूस करायला आल्या, तर त्यांना म्हणाले, "बसा, पण बोलू नका, तुमचा आवाज पत्र्याचा आहे." काकू चहा न घेताच गेल्या. मी मात्र रोज येते, कारण माझं घर हेच आहे.

फोनवर का सांगत नाहीस, असं विचारशील. फोन बाबांच्या उशाशी असतो आणि तुझा फोन आला की ते तो मला देत नाहीत. शिवाय तू मला मधे बोलू देत नाहीस. कागद बिचारा ऐकून घेतो.

तू तीन गोष्टी विचारल्यास. तुझ्या पैशांतून बाबांना भेट म्हणून कुठले स्पीकर घ्यायचे, तुझं नवं रेकॉर्डिंग ऐकून बाबा काय म्हणाले, आणि त्यांच्या व्हायोलिनचं काय ठरलं. तिसरी गोष्ट तू अगदी सहज आठवल्यासारखी शेवटी टाकलीस. खरं तर तुला तीच पहिली विचारायची होती, हे मला कळतं रे.

तर आधी स्पीकर. दुकानदाराने दोन्ही जोड्या आठवडाभर वापरून बघायला घरी आणून दिल्या. चांगला माणूस आहे. त्याच्या चष्म्याच्या काचा मीच घासून बसवल्यात. दोन्ही जोड्या पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढ्याच आहेत, दोन्हींचा ॲम्प्लिफायर आतच आहे, वेगळा डबा नको. एकाच खोक्यात सगळा जीव असतो, दुसरं नुसतं वायरने त्याला धरून असतं. आपल्या घरासारखंच.

पहिली जोडी काळी, वजनदार. आवाज कोरडा, नेमका. त्यात व्हायोलिनच्या गजावरची राळसुद्धा ऐकू येते. आवाजाचं बटण मात्र मागच्या बाजूला, भिंतीकडे, आणि रिमोट नाही. दुसरी जोडी लाकडी दिसते, आवाज गोड, भरदार, बटण पुढे, रिमोटही आहे. "आजारी माणसाला दुसरीच बरी, पडल्या पडल्या कमी-जास्त करता येईल," असं दुकानदार म्हणाला. शहाण्या माणसाने एवढ्यावरच निकाल दिला असता. पण बाबा म्हणाले, "परीक्षा घ्यायची. एकच धून, दोन्हींवर. मी डोळे मिटून ऐकणार."

तुला ते दार आठवतं ना? पक्षपात नको म्हणून ते आतल्या खोलीत बसायचे आणि आपण दाराबाहेर उभं राहून वाजवायचो. सगळ्या विद्यार्थ्यांना तोच नियम. आणि मी गज टेकवला रे टेकवला की आतून आवाज यायचा, "कानस, पुरे!" लोखंड घासायच्या हत्याराचं नाव त्यांनी मुलीला ठेवलं आणि घरभर ते रुळलं. तूही म्हणायचास. हसायचास सुद्धा. मग तुझी पाळी आली की आत शांतता. ते दार बंद असूनही उघडंच होतं.

मी वाजवणं सोडलं, असं तुम्ही दोघं समजता. सोडलं नाही. चष्म्याच्या दुकानामागे काचांची खोकी ठेवायची खोली आहे, तिथे जेवणाच्या सुट्टीत वाजवते. इतकी वर्षं. डबा अर्धा खाल्ला जातो. आमच्या गल्लीत जाहिरातींचे आवाज रेकॉर्ड करणारा एक जण आहे, त्याने एकदा दाराशी उभं राहून ऐकलं आणि मला त्याच्या खोलीत नेलं. मी बाबांचीच धून वाजवली, तू नव्या रेकॉर्डिंगमध्ये घेतली आहेस तीच, नुसती, साथीशिवाय, तुझ्यासारखीच.

आता तुला पुढचं दिसायला लागलं असेल. तरी वाच.

मी बाबांना म्हटलं, "दोन्हींवर धाकट्याचंच लावते." काळ्या जोडीवर तुझं लावलं. लाकडीवर माझं.

तुझं चालू असताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय? गज घाबरल्यासारखा चाललाय. वरचा सूर चोरटा लागतोय. पोराच्या हाताचा पार भुगा केलाय ह्या स्पीकरनी. बंद कर." धून संपूही दिली नाही. मी बंद केलं. मग माझं लावलं.

ते डोळे मिटून पडून राहिले. संपल्यावर म्हणाले, "परत." पुन्हा लावलं. डोळ्यांतून पाणी गालावर आलं तरी पुसलं नाही. आई गेली तेव्हाही मी ते पाहिलं नव्हतं. म्हणाले, "हा माझा मुलगा. कानशे, ऐक. नीट कान देऊन ऐक. ह्याला म्हणतात गज धरणं. तुला जन्मात जमलं नाही ते हे."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, तो आनंद घाणेरडा होता. भिंतीवरचं त्यांचं व्हायोलिन मला पहिल्यांदाच माझं वाटलं. ते देणार असतील तर चांगलं वाजवणाऱ्याला, असं ते आपण लहान असल्यापासून म्हणत आलेत. माझी मागणी तेवढीच होती, आणि तीही कधी तोंडाने केली नव्हती.

म्हणून मी सांगून टाकलं. "बाबा, हे माझं आहे. आधीचं त्याचं."

त्यांनी डोळे उघडून छताकडे पाहिलं. मला वाटलं, आता माझं नाव घेतील. खरं नाव.

म्हणाले, "मग ही लाकडी जोडी दुकानात परत कर. खोटारडी आहे. कोणाचंही गोड करून दाखवते. ती काळी खरी."

मी म्हटलं, "त्याचं ह्याच जोडीवर लावून दाखवते, मग बोला." तर म्हणाले, "मला ऐकायचं नाही." आणि भिंतीकडे तोंड करायला गेले, पण खुब्यामुळे वळता येईना, म्हणून नुसते डोळे मिटले. मग डोळे न उघडताच, "व्हायोलिन त्यालाच द्यायचं. तू हात लावू नकोस."

तेव्हा तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली. काळी जोडी घ्यायची. तुझं वाजवणं त्यांना आवडलं नाही. व्हायोलिन तुझं.

लाकडी जोडी मी त्यांच्या शब्दाप्रमाणे त्याच दिवशी परत केली. काळी त्यांच्या पलंगासमोरच्या फळीवर बसवली आहे, दोन खोक्यांमध्ये नीट अंतर ठेवून, तोंडं त्यांच्या कानाकडे वळवून, अगदी दुकानदाराने सांगितलं तसं. तू हौसेने भेट पाठवलीस, ती वाया कशी घालवू? रोज कामावरून आले की हातपाय धुते, चहा ठेवते आणि तुझं रेकॉर्डिंग लावते. पूर्ण. संपलं की पुन्हा. ते म्हणतात, "बंद कर." मी म्हणते, "बाबा, खरी जोडी आहे ना ही? तुम्हीच निवडलीत." काल त्यांनी हात लांबवून बघितलं. पण बटण मागच्या बाजूला आहे, आणि त्यांना अजून उभं राहता येत नाही.

वाईट वाटून घेऊ नकोस. काल ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "थोडा आवाज तरी कमी कर." मी वाढवला. तुझा वरचा सूर खरंच चोरटा लागतो रे. पूर्वी मला वाटायचं, माझ्या मत्सराला तसं ऐकू येतं.

तू सुट्टी काढून ये. व्हायोलिन ते स्वतःच्या हाताने देतील आणि तुझ्याकडे बघणार नाहीत. मग म्हणतील, वाजव. वाजवशील ना? या वेळी दाराबाहेर नको, त्यांच्या समोर उभं राहून. मी चहा घेऊन दारातच थांबेन. पुरे म्हणायची पाळी आली तर ते म्हणणार नाहीत, व्हायोलिन तुलाच असा त्यांनी शब्द दिलाय. मीही म्हणणार नाही.

तुझ्या वाद्यवृंदातल्या मंडळींना नमस्कार सांग. तब्येतीला जप, हाताला विशेष.

तुझीच,
कानस