कोल्ह्याला दिलेला लाडू

१२ जुलै २००६, सेंट पॉल बेट, अलास्का

काय गरज होती तो लाडू द्यायची? पक्ष्यांच्या कड्याकडे जाताना एक वाळका कोल्हा मागे लागला, तर मी बॅगेतला बेसनाचा लाडू अर्धा मोडून त्याच्यापुढे टाकला. समोर कोणी असताना एकट्याने खायची सवयच नाही. गाईडबाई ओरडल्या, देऊ नका, आता तो तुमची पाठ सोडणार नाही. मी हसलो. मूर्ख!

नाहीच सोडली. फोटोसाठी मी कड्याच्या टोकाशी वाकलो, अंड्यावर बसलेला पक्षी घाबरून उडाला आणि कोल्ह्याने त्याचं एकुलतं एक अंडं उचललं. माझं बोट शटरवरच होतं.

आत्ता खोलीवर बायकोने, मीनलने, कॅमेरा बघितला. "कसला भारी आलाय यार! फ्रेम करून हॉलमध्ये लावू."

मी झूम केलं. तोंडात अंडं, आणि काळ्या नाकावर लाडवाचा पिवळा कण.