जेवणाच्या टेबलावर चालणारा शंख

प्रिय चिमणे,

परवा तू फोनवर विचारलंस, एवढे शंख कशाला गोळा करतेस, दुकान काढायचंय का. मी हसण्यावारी नेलं. खरं उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून निवांत लिहायला बसले.

गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी ओल्या वाळूत चालायला सांगितलं, हे तुला माहीत आहेच. बाबा गेल्यापासून शिवणकामही सुटत चाललं होतं. मशीनवर बसलं की पाय आपोआप थांबायचे. किनाऱ्यावर मी मान खाली घालून चालायची, त्यामुळे आधी शंखच दिसू लागले. तिथेच एक गृहस्थ उकिडवे बसून दात घासायच्या ब्रशने शंख घासत होते. म्हटलं, स्वारीचा एखादा स्क्रू ढिला दिसतोय. मग कळलं, आयुष्यभर लोकांचे दात काढून निवृत्त झालेले डॉक्टर आहेत. म्हणाले, "बाई, हे पेशंट ओरडत नाहीत."

शंख म्हणजे समुद्रातल्या गोगलगायीचं घर, एवढंही मला धड ठाऊक नव्हतं. ओळखायचं कसं, ते त्यांनी शिकवलं. टोक वर, तोंड आपल्याकडे धरायचं. बहुतेकांचं तोंड उजवीकडे उघडतं. मग वेढे पाहायचे, ओठ जाड की पातळ ते पाहायचं. रंगावर जायचं नाही, तो उन्हाने उडतो. मला ते कापडासारखंच वाटलं गं. रंग विटला तरी वीण सांगतेच, कापड कुठलं ते. एका शंखावरच्या बारीक उभ्या घड्यांना मी चुण्या म्हटलं, तर तेव्हापासून डॉक्टरही चुण्याच म्हणतात. एखाद्या शिंपल्याला सुबक गोल भोक दिसलं, तर ते बहुधा एका गुळगुळीत, गोटीसारख्या शंखातल्या बाईसाहेबांचं काम. भोक पाडून आतला जीव फस्त करतात. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात, ते उगाच नाही.

एकदा मी एक देखणा शंख पर्समधून घरी आणला आणि टेबलावर ठेवला. चहा गाळून वळते तर तो चालत निघालेला. आत खेकडा बिऱ्हाड करून होता. मी घाबरून डॉक्टरांना फोन लावला. ते आले, त्यांनी खेकड्याला बादलीत ठेवलं, पण माझा जीव थाऱ्यावर येईपर्यंत निघेनात. मी बसा म्हटलं. बाबांच्या खुर्चीवर बाबांचा स्वेटर अजून तसाच होता. त्यांनी तिकडे पाहिलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. मी काहीच सांगितलं नव्हतं. मग आम्ही दोघं त्या पाहुण्याला समुद्रात पोहोचवून आलो. जाताना वाटेत त्यांनी बाबांबद्दल विचारलं आणि मी बोलत राहिले. बाबा गाताना सूर सोडायचे आणि वर तुला-मलाच दोष द्यायचे, हेसुद्धा सांगितलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्याबद्दल हसून बोलले.

मध्यंतरी डॉक्टर मुलाकडे गेले होते. मी एकटीच गेले, आणि सापडावा तर नेमका तेव्हाच एक अखंड शंख सापडला, इतके दिवस आम्ही शोधत होतो तो. मी तो हातात धरून मागे वळले. दाखवायला कुणी नव्हतं. तिथेच ठेवून परत आले आणि घरी येऊन रडले. आधी वाटलं, बाबांची आठवण आली. तसं नाही हे कळलं, तेव्हा आणखी रडू आलं.

तू तिकडे माझ्यासाठी खोली रंगवून घेतली आहेस, पडदे निवडते आहेस. मी येईन गं, पण राहायला येईन, कायमची नाही. डॉक्टरांनी लग्नाचं विचारलं आणि मी हो म्हटलं. फोनवर सांगितलं असतं तर तू गप्प झाली असतीस, आणि त्या गप्पपणाला घाबरून मी पडद्यांच्या रंगावर बोलत बसले असते. परवानगी मागत नाही. रागावलीस तर तेही समजेन. नोंदणीच्या दिवशी त्यांच्या बाजूने साक्षीदार म्हणून त्यांचा मुलगा सही करणार आहे. माझ्या बाजूने शेजारीण तयार आहे, पण तिला मी अजून हो म्हटलेलं नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
तुझीच,
आई