आक्काचा गिड्डा मेंढा

मी, केरबा धुळा बनगर, वय बासष्ट, धंदा मेंढपाळी, राहणार मलकापूर, ता. शाहूवाडी, जि. कोल्हापूर. डोकं ठिकाणावर आहे, कुणाचा दाब नाही, आज पिलेलोही नाही. माझ्या माघारी मिळकतीची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी.

१. राहते घर मुलगा विश्वजित यास. तो कागलच्या एमआयडीसीत कामाला, घराला कुलूपच राहील, तरी त्याचेच.

२. लोकर कातरायची कातर लेक तानाबाई हिला. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला. तोंडावर कधी म्हणालो नाही.

३. माळावरची तीस गुंठे जमीन व अकरा मेंढ्या थोरली बहीण बनाबाई, म्हणजे आक्का, हिला. विश्वजितने हरकत घेऊ नये. कारण लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

आजाच्या वेळेपासून आमची गुडघ्याएवढी गिड्डी मेंढरं. इथल्या पावसात तगणारी तीच. वजनासाठी थोराड मेंढे आणून सगळ्यांनी जात बिघडवली, त्यात मी पहिला. आक्काने एकटीने राखली. शेवटी तिच्याकडे एकच अस्सल नर उरला. जनावरांचे डॉक्टर त्याचा फोटो काढून गेले, पैदास वाढवू म्हणाले.

१९९७ साली आक्का डोळ्याच्या ऑपरेशनला कोल्हापूरला गेली आणि मेंढा माझ्याकडे ठेवला. त्याच आठवड्यात तानाबाईला बघायला पावणे आले. माझी पाच थोराड मेंढरं दावणीला होती. ती बाजारासाठी राखली आणि आक्काचा मेंढा कापला. एवढासा जीव, पंगतीलाही पुरला नाही. दुकानातून दोन किलो मटण आणावे लागले.

लांडग्याने नेला, असे आक्काला सांगितले. डोळ्याला पट्टी बांधून बाई चार दिवस माळ हिंडली. मग म्हणाली, "माझंच चुकलं, केरबा. तुझ्या गळ्यात जोखीम घातली मी." तरी मी लांडग्याचंच धरून बसलो. थू माझ्या जिनगानीवर.

तिच्या मेंढ्या म्हाताऱ्या होऊन मेल्या. अकरा वर्षे झाली, अजून ती बाजारात, जोतिबाच्या यात्रेतसुद्धा, गिड्डा नर कुणाकडं हाय का म्हणून विचारते. वर लिहिलेल्या मेंढ्या मिश्र जातीच्याच आहेत. त्याने भरपाई होत नाही, हे मला कळते.

४. मेंढ्याच्या गळ्यातली घंटा कणगीत भाताखाली आहे. ती मुळात आक्काचीच, तिला परत करावी.

५. हा कागद मी मेल्यावर वाचायचा नाही. सह्या झाल्या की आजच आक्काला वाचून दाखवायचा. मी समोर बसणार, ती बोलेल ते ऐकून घेणार. आक्का, आता बाजारात इचारत फिरू नगंस.

मलकापूर, १४ नोव्हेंबर २००८
सही: केरबा धुळा बनगर

साक्षीदार:
१. ज्ञानू बाळू पाटील, शेजारी. सही.
२. पिराजी रामा हजारे, व्याही. सही.
(त्या पंगतीत मी होतो. आणखी वाढा म्हणणारा मीच. कशाचं मटण होतं ते आज कळलं.)