दुसरा तंबू

देरा, दुबई
ऑक्टोबर २०००

प्रिय वासू,

तुझा फोन आला तेव्हा शौकत शेजारच्याच पलंगावर पाय पसरून बसला होता. "यल्ला मुनीरभाई, आपका कॅनडा आया!" असं ओरडून त्याने अख्ख्या खोलीला वर्दी दिली. आता सहा जणांच्या खोलीत, तेही सगळे कान टवकारून बसलेले असताना, मी हूं हूं करण्यापलीकडे काय बोलणार? तू मात्र चिडलास. दत्तप्रसादसाहेब तुला इथल्या जुन्या ऑफिसात परत घ्यायला तयार आहेत, तिकडचं सगळं आवरून येतोस म्हणालास, आणि मग तो प्रश्न: "बोल, येऊ का?" मी म्हणालो, पत्राने कळवतो. खोलीतला फैज उद्या रत्नागिरीला चाललाय. हे पत्र इथल्या टपालात न टाकता त्याच्या हातून देतोय, तो तिकडून टाकील. मी किती भित्रा आहे ते तुला वेगळं सांगायला नको.

ऑगस्टमध्ये तुझ्याकडून परत आलो तेव्हापासून तुझं ते जंगल डोक्यातून जात नाही. टोरांटोहून निघालो तेव्हा तू फक्त एवढंच सांगितलं होतंस की आपण तंबूत राहायला चाललोय. मला वाटलं, सरकारी बाग वगैरे असेल. पाइनची झाडं दाट झाली, रस्ता कच्चा झाला, तेव्हा कुठे तू गाडी हळू करून सांगितलंस की ही जागा आपल्यासारख्यांचीच आहे, पुरुषांवर जीव असलेल्या पुरुषांची आणि बायकांवर जीव असलेल्या बायकांची. सभासद असल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि पाहुणा आणायचा तर सभासदाने स्वतः त्याची ओळख करून द्यायची. हे सांगताना तुझे कान लाल झाले होते. तू वर्षभर मनात ठरवलं असणार, फाटकावर माझी ओळख कशी करून द्यायची ते.

आणि मी काय केलं? त्या पांढऱ्या केसांच्या, पुरुषी शर्टातल्या मार्गीबाईंनी हसत विचारलं, हे तुझे कोण? तुझं तोंड उघडायच्या आत मी मोठ्या आदबीने म्हणालो, "सेम व्हिलेज, मॅडम. गाववाला." अरे, सवय! इथे पाच वर्षं आपण हेच सांगत आलो. मी दाभोळचा, तू खाडीपलीकडच्या धोपाव्याचा, गाव काही एक नाही. पण खोलीमालकाला, शौकतला, ऑफिसात, मशिदीत, देवळात, सगळीकडे आपण गाववाले. गल्फमध्ये या एका शब्दावर माणूस कोणाबरोबरही राहू शकतो, जेवू शकतो, आजारपणात उशाशी बसू शकतो. बिचाऱ्या मार्गीबाईंना वाटलं, पाहुणा नुसता मित्र आहे, लाजतोय. त्यांनी आपल्याला दोन तंबू दिले.

मग तू तो दुसरा तंबू ठोकायला घेतलास. मी दोऱ्या धरून उभा होतो, डास चावत होते, आणि तू मेखा अशा ठोकत होतास जशा काही माझ्याच डोक्यात. मग मी भीत भीत म्हणालो, राहू दे ना वासू, लोक काय म्हणतील. तेव्हा तू हातोडी फेकलीस आणि ओरडलास. मराठीत, भर दुपारी, सगळ्यांसमोर! "इथे कोण आहेत लोक? कोण आहेत, दाखव मला!" समोरच्या तंबूतले दोघे म्हातारे सुपाच्या मिठावरून एकमेकांशी वाद घालत होते, ते क्षणभर थांबले, आपल्याकडे पाहून समजुतीने माना हलवत पुन्हा मिठावर आले. मी मात्र थक्क झालो. आपण इथे भांडायचो तेसुद्धा खाडी ओलांडणाऱ्या अब्रा होडीत बसून, इंजिनाच्या आवाजाआड, ओठ न हलवता. तुझा आवाज इतका खणखणीत आहे हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. लोकांचं तिथलं हात धरणं, गळ्यात पडणं मी पाहिलं, लाजलोही. पण मला हेवा वाटला तो त्या म्हाताऱ्यांच्या भांडणाचा. नवराबायको भांडतात तसं, चारचौघांत, कुणाची पर्वा न करता भांडत होते ते. संध्याकाळच्या आत आपण तो तंबू उपटून मार्गीबाईंना परत केला. त्यांनी मला मिठीच मारली, आणि मी तळ्याकाठी जाऊन रडलो. तुला सांगितलं, डोळ्यात धूर गेला.

फोनवर तू वकिली केलीस ती मला आठवते आहे. म्हणालास, तिथे तरी काय मोठं स्वातंत्र्य आहे? जंगलातून परतताना पेट्रोल पंपावर मी सवयीने तुझा हात धरला, इथे बंदरावर शुक्रवारी धरायचो तसा. इथे दोन पुरुष हातात हात घालून चालले तर पठाणसुद्धा वळून बघत नाही. तिथे तू झटक्यात हात सोडवून घेतलास, कारण ट्रकवाले बघत होते. मग दोन्हीकडे भीतीच असेल तर मुनीर जिथे आहे तिथलीच का नको, असं तुझं म्हणणं. बरोबर आहे. पण वासू, तिकडे फाटकाच्या आत एक जागा तरी आहे. इकडे आत म्हणून काही नाहीच.

आता तुला न सांगितलेली गोष्ट सांगतो. तुझा फोन झाल्यावर मी शारजाला, अल नहदात एक फ्लॅट बघून आलो. सप्टेंबरात अम्मीला लकवा झाल्यापासून ती तिथेच माझ्या बहिणीच्या, जहांआराच्या घरी आहे हे तुला माहीत आहे. मी रोज तिथे जातो; मी उचलल्याशिवाय ती खुर्चीत बसत नाही, मी भरवल्याशिवाय नीट जेवत नाही, त्यामुळे मी कॅनडाला येणं या जन्मी तरी खलास. म्हणून मनात म्हटलं, अम्मी आणि आपण दोघं एकत्र राहू. फ्लॅट छान होता. तुझी खोली कुठली तेही मी ठरवलं, सकाळचं ऊन येतं ती. पडद्याचा रंगसुद्धा ठरवला, हस पाहिजे तर. मग इमारतीचा राखणदार, तो नातूर, किल्ल्या हलवत आला. त्या इमारतीत बॅचलरना जागा देत नाहीत. "फॅमिली?" त्याने विचारलं. मी म्हणालो, मी, माझी आई आणि आणखी एक जण. "और ये दूसरा आदमी कौन?" मी लगेच म्हणालो, "गाववाला है." तो म्हणाला, "चलेगा." त्या रिकाम्या खोलीत उभा राहून मला दिसलं की अम्मी असेपर्यंत, आणि ती गेल्यावरही, तुझी ओळख मी हीच करून देणार आहे. मरेपर्यंत. आणि तू पुन्हा दबक्या आवाजात बोलायला लागशील. किल्ल्या त्याच्या हातात ठेवून मी जिना उतरलो.

वासू, येऊ नकोस. दत्तप्रसादसाहेबांना नाही म्हणून कळव. मी तुझ्या जंगलात आलो नसतो, तर तुझ्या फोनवर शौकतसमोरच 'ये' म्हणून ओरडलो असतो, आणि तू आला असतास, आणि आपण दोघांनी त्यालाच सुख समजून दिवस काढले असते. पण मी तुला तिथे पाहिलं. तुला पुन्हा तसं लहान करून मला माझ्याजवळ ठेवायचं नाही. मला तू हवा आहेस, रोज हवा आहेस, हे एकदा स्पष्ट लिहून टाकतो, कारण कधी बोललो नाही. तिथे कुणी चांगला माणूस भेटला तर त्याला माझ्यासाठी थांबवून ठेवू नकोस. आणि आता फोन करू नकोस. तू म्हणशील, एवढी गोष्ट तोंडाने सांगायची हिंमत नव्हती का? नव्हती. तू पलीकडून नुसतं "मुन्या" म्हणाला असतास तरी मी 'ये' म्हणालो असतो. म्हणून पत्र लिहिलं.

तुझाच,
मुनीर