दादाचा चोर स्विच

प्रिय दादा,

गेलेल्या माणसाला पत्र लिहितेय हे कुणाला सांगितलं तर म्हणतील, मंजूचं डोकं फिरलं. फिरू दे! काल संध्याकाळी मी आपल्याच घराच्या फाटकाशी उभी होते आणि आत जायची माझी हिंमत होत नव्हती. भुताखेतांच्या गोष्टींवर दात काढणारी मी! आता हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

सगळं तुझ्या मोटरसायकलपासून सुरू झालं. धारहून तू ती चालवत आणलीस तेव्हाच ती जुनी होती, आठवतं ना? तू गेल्यापासून ओट्याजवळ प्लास्टिकखाली उभी होती. देवासच्या टेम्पोत कोंबून घेऊन कंपनीत जायचा मला वीट आला, म्हटलं, चालू करून बघावी. वहिनीला विचारलं तर ती नुसतं "बघा" म्हणाली. बॅटरी चार्ज करून आणली. हॉर्न वाजला, इंडिकेटर लुकलुकले, मला वाटलं जमलं. कसलं जमतंय! किक मारून मारून पोटऱ्या भरून आल्या, इंजिन ढिम्म. प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि पुन्हा किक मारली, तर ठिणगीचा पत्ता नाही.

नाक्यावरच्या मिस्त्रीकडे ढकलत नेली. त्याने नवा प्लग लावला, कॉइल बदलून पाहिली आणि हात पुसत म्हणाला, "दीदी, इसमें अब कुछ नी बचा. कबाड़ में दे दो." असा राग आला म्हणून सांगू! म्हटलं, भिया, कबाड होगी तेरी दुकान. तशीच ढकलत परत आणली. मी आयटीआयची इलेक्ट्रिशियन, दिवसभर कंपनीत मोटारींचे फॉल्ट काढते, आणि सख्ख्या भावाची गाडी भंगारात देऊ?

रविवारी सीट उघडून बसले. एकेक वायर बोटात धरून मागे मागे जात राहिले. एक काळी वायर त्या जुडग्यातली वाटेना. टाकीखालून निघून बॅटरीच्या मागे लपलेली, आणि टोकाला नखाएवढं बटन. चोर स्विच! किल्ली हाती लागली तरी चोराला गाडी चालू करता येऊ नये म्हणून लावतात तो. बंद होता. चालू केला आणि पहिल्याच किकला गाडी सुरू!

मी आनंदाने ओरडलेच. आणि मग माझ्या लक्षात आलं, हा बंद केला कुणी? तूच ना! त्या दिवशी छातीत कळ घेऊन ड्यूटीवरून आलास, आधी वाकून हा स्विच बंद केलास आणि मगच आत येऊन आडवा झालास, तो कायमचा. कोण चोरणार होतं रे ते खटारं? तेवढ्या वेळात एक हाक तरी मारायचीस!

सोमवारी ऐटीत कंपनीत गेले, ऐटीत परत आले. मंगळवारी सकाळी गाडी पुन्हा मेलेली. बघते तर स्विच बंद. खड्ड्यांच्या दणक्याने पडला असेल म्हणून चालू केला. बुधवारी पुन्हा बंद. मग मी त्यावर काळी टेप घट्ट गुंडाळली. दुसऱ्या दिवशी टेप सोललेली, आणि फेकलेली नाही, तर मीटरच्या कडेला नीट चिकटवून ठेवलेली, पुन्हा कामाला यावी म्हणून. "फेकती क्यों है, अभी इसमें गोंद है," असं म्हणत टेप जपणारा या घरात एकच माणूस होता. मी सरळ आत पळाले, दादा. भर सकाळी, लख्ख उन्हात!

वहिनी पोळ्या लाटत होती. तिला सांगितलं, तर मान वर न करता म्हणाली, "मीच करते बंद, वन्सं."

आधी मला हायसं वाटलं, मग संताप आला. "म्हणजे स्विच कुठे आहे ते तुला ठाऊक होतं? मी गाडी ढकलत मिस्त्रीकडे गेले तेव्हाही?"

"त्या दिवशी ह्यांना स्विच बंद करताना खिडकीतून बघत होते ना. ह्यांच्या हातचं शेवटचं काम होतं ते. तुम्हाला सांगावंसं नाही वाटलं." मग लाटणं थांबलं. "संध्याकाळी तो आवाज गल्लीत शिरला की मी उठते, तवा ठेवते. पोळी फुगेपर्यंत दार वाजतं. आणि मग तुम्ही हेल्मेट काढता."

मी बाहेर गेले, स्विच तसाच बंद राहू दिला, गाडीवर प्लास्टिक ओढलं, किल्ली देव्हाऱ्यात ठेवली. पुन्हा टेम्पो सुरू, कितीतरी दिवस.

आणि काल. टेम्पोतून उतरून चालत आले. फाटकाशीच गरम पोळीचा वास. गाडीवर प्लास्टिक ओढल्यापासून वहिनीने या वेळेला तवा ठेवायचं सोडलं होतं. ती दारात आली, अगदी प्रसन्न, तू असताना असायची तशी. मला चालत आलेली बघून थबकली.

"तुम्ही चालत आलात? मग आत्ता गाडी कुणाची आली?"

"कुठली गाडी, वहिनी?"

"ह्यांची. वळणावर गिअर टाकताना अडखळते ना, तश्शी. सच्ची, आवाज आला म्हणून तर तवा ठेवला." आणि हसून म्हणाली, "असू दे. येतील आत."

मी प्लास्टिक उचलून बघितलं. टाकीवर धूळ, स्विच बंद, किल्ली देवाजवळ. मागे सरकत फाटकाशी आले, तिथूनही आत तुझं वाढलेलं ताट दिसत होतं. खोटं कशाला बोलू, मीही कान देऊन उभी राहिले. आवाज यावा असं मलाही वाटलं आणि येईल या भीतीने पाऊल आत पडेना.

मोटारीचा फॉल्ट मी काढेन रे. वायर धरायची आणि मागे मागे जायचं. वहिनीला येणाऱ्या या आवाजाची वायर कुठून धरू? कुक्षीला माहेरी चार दिवस जा म्हटलं, तर म्हणते, हे आले आणि घराला कुलूप दिसलं तर? उद्या ती त्या आवाजामागे चालत हायवेपर्यंत गेली तर मी काय करू, सांग ना!

म्हणून ठरवलंय. उद्यापासून गाडी मीच चालवणार, वहिनी रागावली तरी. गल्लीच्या तोंडाशी आले की "वहिनी, मी आले गं!" अशी बोंब ठोकणार, सगळी कॉलनी हसली तरी बेहत्तर. गाडी आली म्हणजे मंजू आली, हे तिच्या कानात बसेपर्यंत रोज. तिने टाकलेली पोळी मी गरमगरम खाईन, ताट तसंच राहू देणार नाही. तिला मी सांभाळेन, दादा, हा माझा शब्द.

आणि तू... तुझ्यासाठी जीव तुटतो रे माझा. तरी हात जोडून सांगते, आता येऊ नकोस.

तुझीच धाकटी,
मंजू