चुलीपुढची फुगडी

आई, बाबांचा खोकला बसला का गं? मावशीचे गुडघे कसे आहेत, उठताबसता अजून कुरकुरतात का? आणि आपला धाकटा, पटकीत गेला तो, चालायला लागला की तिथंही रांगतोच? चैत्रात माझी नात तुमच्याकडे आली आहे. अगदी तान्ही आहे, टाळूही भरलेली नाही. तेवढं तेल घालत जा तिला. तू कशी आहेस ते शेवटी विचारते, कारण काम तुझ्याकडेच आहे. लढाईपायी रॉकेल रेशनवर मिळतं, म्हणून उजेड आहे तोवर लिहून घेते.

पोर गेल्यापासून माझी सून बोलत नाही. भाकऱ्या थापते, पाणी भरते, पण घास तिच्या घशाखाली उतरत नाही. अंगाचं नुसतं चिपाड झालंय. माझा मुलगा मिशनच्या शाळेत मास्तर आहे. तोही आतून पोखरलाय, पण म्हणतो, "रविवारी हिला माहेरी सोडतो. हवापालट होईल." माहेरी सावत्र आई. तिथं हिच्याकडे कोण बघणार? अशी गेली तर परत येईल का, याचीच मला धास्ती आहे.

धाकटा गेला तेव्हाची तू डोळ्यांपुढून हलत नाहीस. राहात्याचं ते बुटकं स्वयंपाकघर, चुलीत विस्तव नाही, आणि तू भिंतीला टेकलेली, डोळे कोरडे ठाक. बाहेर बायका नागपंचमीचं वारूळ पुजायला निघालेल्या. आपण देव सोडले तेव्हा पंचमी सोडली, आणि तिच्यासंगं फेर गेला, फुगडी गेली. कोंड्याबरोबर दाणेही पाखडून टाकले आपण. मावशी दार लोटून घेते, तुझ्यापुढे हात करते. "ऊठ अक्का. रडू येत न्हाई तर घाम तरी येऊ दे." तू उठतेस. आधी पाय जड पडतात, मग गिरकी लागते, बांगड्या वाजायला लागतात, आणि मधेच तू हंबरडा फोडतेस. तरी मावशी हात सोडत नाही. तेवढ्यात बाबा दारात आले. "ख्रिस्ती घरात ह्ये काय चाललंय?" तू धापा टाकत म्हणालीस, "वारूळ तिकडं हाय. मी माझ्या चुलीपुढं हाय. अन् मला भूक लागलीया." बाबा खाली बसून चूल फुंकायला लागले.

काल पंचमी होती. मिशनच्या शाळेला तिची सुट्टी नसते. मुलगा शाळेत गेल्यावर मीही दार लोटलं. सुनेनं हात दिले, पण ओल्या फडक्यासारखे. मी ओढतेय आणि ती काही फिरेना. शेवटी मीच भेलकांडले, तशी तिनं मला घट्ट धरलं. "आत्याबाई, पडाल की." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला. मग एकदोन गिरक्या झाल्या असतील. नंतर तिनं आपल्या हातानं भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला. मुलाला सांगितलं तर तो करवादला. "पाद्रीसाहेबांना कळलं तर? आणि आई, एका तुकड्यानं काय होतंय?" काय होतंय ते मलाही ठाऊक नाही. आज ती पुन्हा भिंतीला टेकून बसली आहे.

हे पत्र टाकायचं नाहीच. तुला अक्षर येत नव्हतं, मीही मुलाच्या पाटीवर बघून बघून शिकले. पण एक तुझ्यापाशी सांगते. काल माझा तोल गेला नव्हता. ती धरते का, तेवढं बघायचं होतं. आता उद्या पुन्हा पडू, की मुलाला सरळ आडवी जाऊ? रविवारच्या आत कळव.