तात्या वकिलांच्या सुनेची प्रिव्हियस

ता. १५ जून १९०८
आजपासून तात्या वकिलांच्या सुनेला संस्कृत शिकवणं. सकाळी आठ ते नऊ. कालिंदी नाव, वय अठरा, पदरात सात महिन्यांचं मूल, नवरा पुण्यास लॉ शिकतो, आणि बाई कॉलेजात निघाल्या. बाप मलकापूरचा भाताचा व्यापारी. त्या घरात अक्षर शिरलं ते पोत्यावरच्या छापापुरतं. मी ओसरीवर, ती आतल्या खोलीत, मध्ये पडदा. तात्या म्हणाले, नोव्हेंबरात प्रिव्हियस, म्हणजे कॉलेजची पहिल्या वर्षाची परीक्षा, पास झाली तर पुढं शिकेल. नाहीतर पुस्तकं माळ्यावर आणि सूनबाई चुलीपुढं. माळा झाडून ठेवायला हरकत नाही.

संकल्प: नागपंचमीच्या आत तिनं आपण होऊन सोडावं, असं शिकवणं. नंतर पुण्याच्या साप्ताहिकाला पत्र. मथळा तयार: ‘कुलस्त्री आणि कॉलेज: एक फसलेला प्रयोग’.

ता. १७ जून
एक समास सोडवीपर्यंत मूल दोनदा रडतं. त्यातून ही प्रश्न विचारते. आज पडद्याआडून म्हणाली, पाठ करायचं ते कळलं शास्त्रीबुवा, पण हे असंच का? पंचवीस वर्षांत मुंज झालेल्या एकाही मुलानं मला ‘का’ विचारलेलं नाही. उत्तर दिलं असतं, पण वेळ संपली होती. साडेआठ वाजले होते.

ता. २३ जून
युक्ती सापडली. थांबायचंच नाही. तासभर एका सुरात, श्वासापुरतं थांबून. प्रश्नाला फट नको. आठवड्यात दमेल.

ता. २ जुलै
प्रश्न बंद. आतून फक्त पाळण्याच्या दोरीची कुरकुर, आणि मी श्वास घेतला की ‘हं’. मूलही गप्प. विद्येचं तेज अशा घरात उशिरा पोचतं, पण पोचतं.

ता. १८ जुलै
‘हं’ भारदस्त झाला आहे. आरंभी आवाज बारीक होता. व्यासंगानं घसा बसतो, हे स्वतःवरून ठाऊक आहे.

ता. ३ ऑगस्ट
नागपंचमी झाली. सोडलेलं नाही. उलट कॉलेजात प्रोफेसरांनी तिच्या गणिताची तारीफ केली म्हणे. गणित मी शिकवत नाही. पण चित्त एकाग्र करायला शिकवलं कोणी?

संकल्पात दुरुस्ती: पास होणारच असेल तर माझ्यामुळं. नवा मथळा: ‘कुलस्त्रीस कॉलेजयोग्य कसे करावे: एका अनुभवी अध्यापकाची पद्धती’.

ता. २१ सप्टेंबर
घरी आल्यावर लक्षात आलं, एका श्लोकाचा अर्थ साफ उलटा सांगितला. परीक्षा पाहण्यासाठी मुद्दाम सांगितला, असं धरू. तरी आतून ‘हं’च आला. गुरूवर केवढी श्रद्धा.

ता. १४ ऑक्टोबर
तपकिरीसाठी थांबलो तर मूल जागं झालं. आतून आवाज आला, चालवा की, थांबलासा कशाला. कालिंदी इतकं गावंढळ बोलत असेल असं वाटलं नव्हतं. मलकापूर ते मलकापूरच. दुर्लक्ष केलं.

ता. १२ नोव्हेंबर
आज उजळणी फार सुरेख झाली. निघताना तात्यांना म्हटलं, सूनबाईंची तयारी पूर्ण. ते माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, ती रविवारीच पुण्यास गेली, परीक्षा कालपासून सुरू आहे.

मग सोमवारपासून ‘हं’ कोण म्हणतं, हे मी विचारलं नाही. पडदा सारून त्यांच्याकडची मोलकरीण धोंडुबाई आपणच बाहेर आली, खांद्यावर झोपलेलं पोर. म्हणाली, मीच की म्हाराज, जून सरल्यापास्नं. वैनीसाब माडीवर वाचत बसत्यात. तुमचं सुरू झालं की पोर निजतंय, आन् शिकवणी चाललीया म्हणून वैनीस्नी कुणी काम सांगत न्हाय. तात्या मिशीत हसले. त्यांना हे आधीच ठाऊक होतं काय, ते कळलं नाही.

शांतपणे विचार केला. ती नापास होणार. संस्कृत तिला माझ्याकडून मिळालेलंच नाही.

ता. १९ डिसेंबर
पास. संस्कृतात कॉलेजात सर्वांच्या वर.

पेढे द्यायला पडदा सोडून ओसरीवर आली. पहिल्यांदाच पाहिली, डोळ्यांखाली काळं, पदराला दुधाचा डाग. वाकून नमस्कार केला. म्हणाली, शास्त्रीबुवा, दिवसातला तेवढा एकच तास माझा होता, आणि तो तुम्ही दिलात. चेष्टा असावी म्हणून तोंडाकडे नीट पाहिलं. चेष्टा नव्हती. त्याचाच जास्त राग आला.

पुढं म्हणाली, आता इंटर. दोन तास याल का? मी म्हटलं, साहजिक आहे, अभ्यास कठीण होतो. तोच धोंडुबाई म्हणाली, दाढा येत्यात त्याला, लई किरकिर करतंय.

विचार करून सांगतो म्हणालो. साप्ताहिकाचं पत्र फाडलं, दोन्ही मथळ्यांसकट. संकल्प: त्या घराची पायरी पुन्हा चढायची नाही.

ता. ४ जानेवारी १९०९
सात ते नऊ. दोन तास घ्यायचेच, तर प्रतिष्ठेला साजेसं म्हणून आज नवा सर्ग काढला. चार ओळी झाल्या नाहीत तोच धोंडुबाई आतून म्हणाली, नवं नगा म्हाराज, मागलंच म्हणा, त्येला सवय हाय त्येची.
मागलाच काढला.